नागपुरी संत्र्याचे मफिन: खेड्यातल्या स्वयंपाकघरात जमतील असे, वाचणाऱ्यांनी करून पाहावेत असे

वरुडची सून

मंडळी, आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या बहाराच्या संत्र्यांची, तोडणी सुरू झाली. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात आता घरोघरी संत्र्यांचे ढीग आहेत. मोठा, एकसारखा माल व्यापाऱ्याच्या गाडीत जातो आणि बारीक फळ घरी उरतं. त्याचं काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न. रस काढून ठेवला तर कडू पडतो, बर्फीला खवा लागतो, शेजारीपाजारी वाटावं तर त्यांच्याही घरी संत्रीच. त्यातून मी मफिन, म्हणजे वाटीतले छोटे केक, करायला लागले. आता पोरं शाळेतून आली की तेच मागतात.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी 'ऑरेंज मफिन' शोधलं की बहुतेक कृती निघतात त्या दुसऱ्याच फळाच्या, घट्ट सालीच्या. त्यात सरळ लिहिलेलं असतं, साल किसून घ्या. आपलं संत्रं सैल सालीचं. किसणीवर धरलं की साल दबते, फाटते, बोटांत येते. म्हणून आपल्या फळाची रीत इथे सविस्तर लिहिते.

झाडावरून नुकतं उतरवलेलं, हाताला टणक लागणारं फळ घ्या. चार-सहा दिवस पडून राहिलं की साल आणखी सुटते, मग ते किसायच्या कामाचं नाही. सोलायच्या आधी किसायचं, बारीक किसणीवर, हलक्या हातानं, फळ फिरवत. केशरी रंग गेला की थांबायचं, खालचा पांढरा थर कडू असतो. बाजारातून आणलेल्या संत्र्यावर मेणाचा थर असू शकतो, ते कोमट पाण्यात ब्रशनं घासून घ्या. आणि बागेत फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर काढणीआधी जितके दिवस सोडायला सांगितले आहेत तितके गेल्याशिवाय ते फळ घरात आणूच नका. आपण इथे साल खातो आहोत, हे लक्षात असू द्या.

हा कीस साखरेत घालून बोटांनी चोळायचा. सालीतलं तेल साखर ओढून घेते, साखर ओलसर आणि पिवळसर होते, सगळं घर दरवळतं. संत्र्याची खरी चव इथून येते, रसातून नाही. रसाचा सुवास भट्टीत बराचसा उडून जातो, सालीचा टिकतो.

रस हातानं किंवा रसयंत्रावर काढा. सोललेलं संत्रं बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नका. बियांत आणि फोडींच्या पडद्यात कडवटपणाचं मूळ असतं. ते लगेच जिभेला लागत नाही, रस ठेवला किंवा तापवला की वर येतं. म्हणून रस काढला की लगेच वापरायचा आणि आटवायचा नाही.

प्रमाण असं: मैदा १०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, बिनवासाचं तेल ८० मिलिलिटर, ताजं दही १०० ग्रॅम, रस १२० मिलिलिटर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. मध्यम आकाराचे दहा-बारा होतात. लोणी मी मुद्दाम घेत नाही. पुढे मृगाचं, म्हणजे दुसऱ्या बहाराचं, फळ येतं तेव्हा ऊन चढलेलं असतं, लोणी फेटायच्या आधीच वितळतं. तेलाला ऋतूची पर्वा नाही.

कोरडं सगळं एकत्र चाळा. साखर, तेल, दही, रस वेगळं घोटा. मग ओलं कोरड्यात ओता आणि उलथन्यानं खालून वर आणत, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. थोड्या गुठळ्या राहू द्या. जास्त फेटलं की गव्हातला चिकटपणा वाढतो, मफिन रबरी होतात, आत लांब पोकळ्या पडतात. मिश्रण एकदा ओलं झालं की ताटकळत ठेवायचं नाही. सोड्याचं आंबटाशी काम त्याच क्षणी सुरू होतं आणि तो वायू उडून गेला की फुगायला काही उरत नाही. १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं.

आता माझा दुसरा प्रश्न. मी अशा कृती नियमित लिहिते. वाचणारे आहेत, 'छान' म्हणणारेही आहेत. पण करून पाहिलं असं सांगणारे फार थोडे, आणि आपल्या भागातले तर त्याहून थोडे. इथल्या बायकांनी हे करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी लिहिताना काय बदलावं?

चुलीपाशी

वरुडच्या ताई, कृती वाचली, मनाले पटली. पण आमच्याकडे ओव्हन नाही न बाई. १८० अंश वाचलं की बाई पुढचं वाचतच नाही, तिले वाटते हे आपलं काम नव्हे. मी कुकरमंदी करते, थे सांगतो.

जुना कुकर घ्या, नवा घेऊ नका, कोरडा तापून खराब होते. रिंग काढा, शिट्टी काढा. बुडाले दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मंग पिठाच्या वाट्या स्टँडवर ठेवा, आच बारीक करा, अर्धा घंटा झाकण उघडू नका. मंग काडी टोचून पाहजा. कोरडी निघाली का झालं, नाही त पाच मिनिटं आणखी. स्टीलच्या वाट्या चालतात, आतून तेल लावून पीठ भुरभुरवजा. अर्धीच्या थोडं वर भरजा, काठोकाठ नाही.

वरून लाल होत नाहीत, थे सांगून ठेवतो. वरची आच नसते न कुकरमंदी. चवीले काही फरक नाही.

अन् लहान पोरांसाठी आप्पेपात्र सगळ्यात बेस. बारीक आच, झाकण, खालून सुटले का एकदा उलटे करा.

वरुडची सून

ताई, हे तर सोनं दिलंत. बरोबर आहे तुमचं, भट्टीचं तापमान वाचून पुढे न वाचणारी बाई मलाच दिसायला हवी. कुकरची रीत मी वरच्या कृतीत सगळ्यात आधी लिहिते, ओव्हनची त्याखाली.

वायरमन भाऊ

मी स्वयंपाकातला नाही, विजेतला आहे. तरी एक गोष्ट सांगतो, कारण घरी हीच तक्रार ऐकतो: 'पुस्तकात वीस मिनिटं लिहिलं, आपल्याकडे चाळीस लागतात.'

छोटा ओव्हन म्हणजे आत तापणारी सळई. तिची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. खेड्यात संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, मोटारी लागल्या आणि दाब १८० वर आला, तर व्होल्टेज पाचव्या हिश्शानं घटतं पण उष्णता जवळपास चाळीस टक्क्यांनी. सळई लाल दिसते, तरी ओव्हन १८० अंशाला पोचायला खूप वेळ घेतो, कधी पोचतच नाही. मिश्रण आत वाट पाहत बसतं, आणि ताईंनी लिहिलंय तसं फुगायचा वायू निघून जातो.

उपाय दोन. एक, सकाळी लवकर किंवा दुपारी भाजा, जेव्हा गावातला भार कमी असतो. दोन, ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक घ्या. बटणावरचा आकडा मानू नका, आतला माना. तो १८० दाखवेल तेव्हाच पीठ कालवायला घ्या.

इन्व्हर्टरवर ओव्हन लावू नका. बाराशे-पंधराशे वॅटचा भार घरगुती इन्व्हर्टरच्या आवाक्यातला नाही. भाजताना वीज गेली तर दार उघडू नका, आतली धग दहा मिनिटं तरी काम करते.

अकोलेकरीण

भाऊंची माहिती प्रत्येक पाककृतीच्या वर छापायला हवी.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ज्वारी. आमच्याकडे घरात मैदा असेलच असं नाही, ज्वारीचं पीठ रोज असतं. मी कणीक १५० ग्रॅम आणि ज्वारी ५० ग्रॅम घेते, मैदा नाहीच. ज्वारीत चिकटपणा नाही, त्यामुळे फेटण्याची भीती कमी होते, पण फार घातली तर मफिन भुसभुशीत होऊन हातातच तुटतात. चौथ्या हिश्शाच्या पुढे गेलात तर बांधायला काहीतरी लागतं. तिथे जवस. एक मोठा चमचा जवस भाजून नाही, कच्चाच बारीक करायचा, तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा. बुळबुळीत, तार येणारं मिश्रण होतं. एका अंड्याचं काम ते करतं. चटणीसाठी जवस सगळ्यांकडे असतोच. बाहेर त्याचं महागडं पाकीट घेऊन हेच करतात.

दुसरी गोष्ट, मापं. ग्रॅम लिहिणं योग्यच, पण काटा किती घरी आहे? आणि नुसतं 'वाटी' लिहिलं तर कोणाची वाटी? आमटीची वेगळी, भाजीची वेगळी. मी एक पाण्याचं माप सांगते: जिच्यात २०० मिलिलिटर पाणी मावतं ती वाटी. पाण्याची भरलेली लिटरची बाटली जी वाटी बरोबर पाच वेळा भरून संपते, ती वाटी बाजूला काढून ठेवायची. त्या वाटीनं तुमची कृती साधारण अशी बसते: मैदा-कणीक मिळून पावणेदोन वाट्या (चाळून, न दाबता), पिठीसाखर एक वाटी, दही अर्धी, रस अर्ध्याहून थोडा जास्त, तेल अर्ध्याहून थोडं कमी.

वैनगंगेकाठची

गडचिरोलीकडून लिहिते. आमच्याकडे संत्र्याच्या बागा नाहीत, पण मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया टोपल्या घेऊन जातात, फुलं वेचतात, वाळवतात. वर्षभर घरात असतात. लोक मोह म्हटलं की एकच गोष्ट बोलतात, ते मला फार लागतं. मोह हे आधी अन्न आहे. आमच्या आज्या भाकरीत घालायच्या, उकडून खायच्या.

वाळलेली फुलं स्वच्छ धुऊन, आतले बारीक केसर काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. पिळून, चिरून मफिनमध्ये बेदाण्यांच्या जागी घाला. गोडी इतकी असते की साखर पाव हिश्श्यानं कमी करावी लागते. वरून चारोळी. संत्रं आणि मोह या दोन चवींचं जुळतं का ते मला माहीत करून घ्यायचंय. वरुडच्या ताई, तुम्ही कराल का?

वरुडची सून

नक्की करते. मोह मात्र इथल्या दुकानात मिळत नाही, परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातून येतो का ते बघते.

शेतमाऊली

आमच्या अंगणात सीताफळाची दोन झाडं आहेत, दिवाळीच्या आसपास एकदम पिकतात. त्याचा गर मफिनमध्ये घातला तर चालेल का?

अकोलेकरीण

भाजू नका. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो आणि रंगही बिघडतो. म्हणूनच बासुंदी थंड झाल्यावर त्यात सीताफळ घालतात. मफिन साधे करा, वेलची घालून. पूर्ण गार झाले की मधे चमच्यानं खड्डा करून थंड गर भरा आणि लगेच खा. ठेवायचे नाहीत.

केळं मात्र भट्टीत खुलतं. अकोट-अंजनगावकडे केळी आहेतच. साल काळी पडलेलं केळं, जे कोणी खात नाही, तेच घ्यायचं. त्यात साखर कमी लागते आणि दही निम्मं करता येतं. पपई पिकलेली चालते पण पाणी फार, कापडात बांधून निथळून घ्या. पेरूच्या बिया दाताखाली येतात, मला आवडत नाहीत. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी मिळाली तर तुकडे पिठात घोळवून मगच मिश्रणात घाला, नाहीतर तळाशी बसतात.

जुना गडी

एक विचारू का? आपल्याकडे रोडगे आहेत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तूप पाजलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. भाजायची एवढी जुनी रीत असताना मैद्याचे मफिन कशाला? पोरांना तीच चव लागली की रोडगे कोण करणार? मी वाद घालायला लिहीत नाही, मला खरंच काळजी वाटते.

चुलीपाशी

दादा, रोडगे करायले दहा माणसं लागतात अन् अर्धा दिवस जाते. थो पंगतीचा पदार्थ आहे, देवाच्या कामाचा. मफिन चार वाजताच्या खाऊचे. पोरं त्या वेळेले दुकानातून पाच-दहा रुपयांचं पाकीट आनतात. मी पाकिटाच्या जागी मफिन करते, रोडग्याच्या जागी नाही. अन् दत्तजयंतीले रोडगे होतातच आमच्या घरी, या खाले.

जुना गडी

पटलं बाई. येतो. ज्वारी-जवसाचे करणार असाल तर माझी हरकत उरत नाही.

गुरुजी (निवृत्त)

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी शाळेत शिकवलं, आणि आता गावातल्या बचत गटातल्या महिलांना मोबाइलवर वाचून दाखवायचं काम आपणहून करतो. त्यामुळे कोणती पाककृती वाचताना त्या कुठे थांबतात ते समोर दिसतं.

त्या थांबतात जिथे घरात नसलेली वस्तू पहिल्या ओळीत येते. मफिन ट्रे, कागदी कप, सिलिकॉन ब्रश. ही नावं दिसली की चेहरा मिटतो. वस्तूंची यादी लिहिताना घरातली वस्तू आधी लिहा: स्टीलची वाटी, आप्पेपात्र, कुकर. ज्यांच्याकडे ट्रे आहे त्यांना सांगावं लागत नाही.

त्या थांबतात जिथे मिश्रण 'योग्य' व्हायला सांगितलंय पण योग्य म्हणजे काय ते नाही. चुलीपाशी ताईंनी काडी टोचायला सांगितली, ते सगळ्यांना कळतं. तसं मिश्रणाचंही लिहा: चमच्यातून धार पडू नये, भज्याच्या पिठासारखं गोळ्यानं पडावं. फोटो एकच टाकायचा असेल तर तयार मफिनचा टाकू नका, या कालवलेल्या मिश्रणाचा टाका. तयार पदार्थाचा फोटो पाहून माणूस कौतुक करतो, मधल्या टप्प्याचा पाहून करायला उठतो.

वेळेचंही बघा. संत्र्याची कृती तोडणी संपल्यावर आली तर कोणाच्या उपयोगाची? आंबियाचं फळ घरात यायच्या आधी, ऑक्टोबरात, ती लोकांसमोर हवी, आणि मृगाच्या फळासाठी जानेवारीच्या शेवटी पुन्हा वर आणावी. दोन्ही बहारांत फरकही लिहा. आंबियाचं फळ थोडं आंबट, त्यात सोडा चांगला काम करतो. मृगाचं गोड, तिथे साखर कमी आणि दही जरा आंबट घ्यावं. ही ओळ नागपूर-अमरावती पट्ट्याबाहेरचा कोणी लिहिणार नाही. तीच तुमची ताकद आहे.

नावातही तेच. बायका शोधताना 'कुकरमध्ये केक', 'संत्र्याचं काय करावं', 'बिना अंड्याचा' असं बोलून शोधतात, बऱ्याच जणी टाइप करतच नाहीत, मोबाइलला विचारतात. त्यांच्या तोंडचे शब्द शीर्षकात असतील तर तुमचं लिखाण त्यांना सापडेल. व्हिडिओ केलात तर लहान करा आणि कृती लिहूनही द्या. आमच्याकडे दुपारी नेटवर्क जातं, अक्षरं तेवढी उघडतात.

शेवटी एक विनंती. खाली कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या, आणि ते उत्तर मूळ कृतीत भरा. आज या धाग्यावर तुम्ही कुकरची रीत वर घेतलीत, तसंच. ज्या बाईचा प्रश्न कृतीत गेला, ती पुढच्या चार जणींना आपणहून दाखवते. आमच्या गटात मी हे होताना पाहिलं आहे.

वरुडची सून

गुरुजी, तुमचं लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं. मी वाचणाऱ्यांची संख्या बघत होते, तुम्ही त्या वाचताना कुठे थांबतात ते बघितलंत. आज रात्री बसून कृती नव्यानं लिहिते: कुकर वर, अकोलेकरीण ताईंची वाटी, वायरमन भाऊंची व्होल्टेजची सूचना चौकटीत, दोन्ही बहारांचं प्रमाण वेगळं. ज्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नावानिशी.

शेतमाऊली

ताई, एक राहिलं. संत्री संपली की सालीचा कीस पुढे वापरायला ठेवता येतो का?

वरुडची सून

येतो. कीस मोजलेल्या साखरेत चोळून, छोट्या डबीत घट्ट भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एका डबीत एका घाण्यापुरताच, म्हणजे दोन संत्र्यांचा कीस आणि १२० ग्रॅम साखर. काढली की तशीच मिश्रणात घालायची, वेगळी साखर नको. वीज वारंवार जात असेल तर कप्पा सारखा उघडू नका. वाळवलेली साल ठेवू नका, तिच्यातलं तेल बरंचसं उडून जातं आणि कडवटपणा जास्त लागतो.

वैनगंगेकाठची

वरुडच्या ताई, मोहासाठी परतवाड्याला जाऊ नका. आमच्या गटातल्या बायका पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या प्रदर्शनाला येत आहेत, त्यांच्याकडे किलोभर वाळलेली फुलं देते. २०० ग्रॅम पिठाला एक मूठ पुरते. संत्री मात्र बारीकच पाठवा, मोठी विकायला ठेवा.